अर्ध्या तासाचा जाहीरनामा

धारेस सरकारी वकील म्हणून माझी नेमणूक झाली, तेव्हा पहिले मोठे काम माझ्याकडे आले ते अर्धा तास नाहीसा करण्याचे. आधी एखादा दरोडा किंवा खून येईल अशी माझी समजूत होती आणि त्या तयारीने मी कायद्याच्या पुस्तकांच्या तीन पेट्या देवासहून बैलगाडीत घालून आणल्या होत्या. त्या पुस्तकांत अर्ध्या तासाविषयी काही नव्हते.

देवासला मी आठ वर्षे वकिली केली. ज्यांनी ते गाव पाहिले नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की तिथे एका गावात दोन दरबार नांदत होते, एक थोरल्या पातीचा आणि एक धाकट्या पातीचा, आणि दोघांची हद्द पुष्कळ ठिकाणी रस्त्याच्या मधून जाई. अशिलाने दार ठोठावले की 'काय झाले' हे न विचारता 'कोणत्या बाजूला झाले' हे आधी विचारायचे, ही सवय मला तिथे लागली. माझ्याकडे कागद बांधायला दोन रंगांचे रुमाल होते, एका पातीचा तांबडा, दुसरीचा हिरवा. एकदा एका मुकदम्यात म्हैस तांबड्या रुमालात आणि तिचे रेडकू हिरव्यात गेले. त्यात हसण्यासारखे काही आहे असे त्या वेळी कोणालाच वाटले नाही, मलाही नाही. मी दोन्हीकडे मुदत मागून घेतली.

अशा गावी मुरलेला माणूस मसुदा सावधपणे लिहील, असे धारेच्या मंडळींना वाटले असावे. मला तर त्याची खात्रीच होती.

झाले होते असे. इंग्रज सरकारने सबंध हिंदुस्थानासाठी एकच वेळ ठरवून टाकली होती. धारेस आगगाडी नव्हती, जवळचे स्टेशन महूचे, त्यामुळे आमची वेळ कोणाच्या आड येत नव्हती. सूर्य माथ्यावर आला की किल्ल्यावर दोन प्रहरची तोफ उडे. ज्याच्याकडे घड्याळ असे तो ती ऐकून घड्याळ लावी आणि ज्याच्याकडे नसे तो जेवायला बसे. अडचण एवढीच होती की बाहेरून येणारे साहेब लोक नव्या वेळेने येत, म्हणजे आमच्या अर्धा तास आधी येऊन बसत. मग ते लवकर आले नसून आपण उशिरा आलो, असे ठरे. ही गोष्ट वारंवार घडल्यावर नवी वेळ घ्यावी असा निर्णय झाला.

हे काम ज्यांच्याकडे होते त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. न्यायखाते त्यांच्या हाताखाली होते आणि मी न्यायखात्यात होतो. रावसाहेब कामाला वाघ होते, पण त्यांना समारंभाची ओढ होती. सार्वजनिक विहिरीचा रहाट बदलला तरी त्या प्रसंगी दोन शब्द बोलले जावेत असे त्यांना वाटे, आणि ते दोन शब्द पाऊण तास चालत.

मसुद्याला मला तीन दिवस लागले. चैत्र प्रतिपदेपासून दोन प्रहरची तोफ नव्या वेळेप्रमाणे उडेल, सर्व कचेऱ्या, न्यायालये व शाळा त्या तोफेप्रमाणे चालतील, कोणी सबब सांगू नये. शेवटचे वाक्य रावसाहेबांचे. 'कोणी सबब सांगू नये' हे त्यांच्या प्रत्येक जाहीरनाम्यात असे, गुरांच्या रोगाविषयीच्या जाहीरनाम्यातसुद्धा.

पाडव्याला किल्ल्याखाली मांडव घातला. अत्तरगुलाब झाले, रावसाहेब बोलले. काळ कसा कोणासाठी थांबत नाही हे त्यांनी मांडवाबाहेर उन्हात बसलेल्या दोनशे माणसांना नीट समजावून दिले. मग तोफ उडाली आणि टाळ्या पडल्या. सूर्य अजून पूर्वेकडे होता, पण त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. सगळे आपापल्या घड्याळाकडे पाहत होते.

घरी आलो तर पान वाढलेले नव्हते.

"अगं, तोफ झाली की!" मी म्हणालो.

"ऐकली," आतून उत्तर आले. "अहो, तोफेनं डाळ शिजत नाही."

आमच्या घरात नवी वेळ त्या दिवशी आली नाही आणि पुढेही कधी आली नाही. तुळशीच्या ओट्यावरची सावली पाहून आधण चढे. मी कचेरीच्या वेळेने भुकेला होई आणि घरच्या वेळेने जेवे. मधल्या अर्ध्या तासात मी पुष्कळ वाचन केले.

नवव्या की दहाव्या दिवशी कोर्टाच्या बोर्डावर पहिलाच मुकदमा आमचा होता. बदनावरच्या रस्त्यावर शहरापासून चार-पाच कोसांवर एक पाणपोई होती. तिच्यासाठी फार पूर्वी एका मराठा शिपायाच्या घराण्याला विहीर आणि तिच्याभोवतीची थोडी जमीन इनाम मिळाली होती. अट अशी, की वाटसरूंना पाणी पाजावे. त्या घराण्यातला शेवटचा पुरुष दोन वर्षांपूर्वी वारला. मूलबाळ नाही, मागे बायको एकटी. माझ्या आधीच्या वकिलांनी अभिप्राय लिहून ठेवला होता की हे चाकरीचे इनाम आहे, चाकरी करणारा पुरुष उरला नाही, तरी जमीन सरकारजमा व्हावी. त्याप्रमाणे बाईला फाल्गुनात समन्स गेले होते की अमुक मितीस दोन प्रहरी हजर राहून काही हरकत असल्यास सांगावी.

तोफ झाली. चपराशाने ओसरीत जाऊन तीनदा पुकारा केला. कोणी ओ दिली नाही. न्यायाधीश सज्जन गृहस्थ होते आणि त्यांना भूक फार लवकर लागे. मी उठलो आणि म्हणालो, "सामनेवाली गैरहजर आहे. एकतर्फी हुकूम व्हावा." ते "बरं" म्हणाले आणि लिहू लागले. विडा लावायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एका घराण्याचे इनाम संपले. पेटीतले एकही पुस्तक उघडावे लागले नाही, याचे मला बरे वाटल्याचे आठवते.

शिरस्तेदारांबरोबर बाहेर आलो तर पायरीपाशी एक पंचेचाळीस-पन्नास वर्षांची बाई उभी होती. पायांवर धूळ, पदर घट्ट खोचलेला, हातात समन्सची घडी.

"साहेब, पुकारा केव्हा होईल?" तिने मला विचारले.

"कसला?"

"पाणपोईचा. मला दोन प्रहरी बोलावलं आहे."

"तो झाला," शिरस्तेदार म्हणाले.

"झाला? अजून दोन प्रहर कुठे झाले?"

"बाई, तोफ नाही ऐकलीत?"

"ऐकली ना. नाक्यापाशी होती मी तेव्हा. मला वाटलं, कोणी बडा साहेब आला."

"ती दोन प्रहरची तोफ होती."

तिने शिरस्तेदारांकडे पाहिले, मग ओसरीच्या खांबाकडे बोट केले. "ही सावली पहा नी. अजून इतकी लांब आहे. दोन प्रहरी ती खांबाच्या पायाशी येऊन बसते. मी सूर्योदयाला गाडीत बसली नी सूर्य डोक्यावर यायच्या आत आली. अब यात माझी काय गलती?"

"सावलीचं आता काही चालत नाही," शिरस्तेदार म्हणाले. "तसा जाहीरनामा निघाला आहे."

"जाहीरनामा कोणी काढला?"

शिरस्तेदारांनी माझ्याकडे पाहिले. ते फार वर्षे नोकरीत होते आणि केव्हा बोलू नये हे त्यांना ठाऊक होते.

मी सावलीकडे पाहिले. जाहीरनाम्याआधी निघालेल्या समन्सांचे काय, याविषयी माझ्या मसुद्यात एक अक्षर नव्हते. दवंडी शहरात पिटली होती. चार कोसांवरच्या बाईला, आपले दोन प्रहर अलीकडे सरकले आहेत, हे कळायला मार्गच नव्हता. एक कलम, एक ओळ घालायची होती. देवासला असतो तर जुनी वेळ आणि नवी वेळ दोन्ही लिहिल्यावाचून मी कागद हातावेगळा केला नसता. इथे एकच दरबार म्हणून मी निर्धास्त झालो होतो.

"मग आता काय होईल?" बाईने विचारले.

"जमीन आणि विहीर सरकारजमा होईल," मी म्हणालो.

"नी पाणी?"

"कसलं पाणी?"

"लोक येतात ना! बैसाख तोंडावर आला."

महिन्याच्या आत अर्ज देऊन तो मंजूर झाला तर एकतर्फी हुकूम फिरू शकतो, एवढे मी तिला सांगितले. हे खरे म्हणजे माझे काम नव्हते. सरकारी वकिलाने सामनेवाल्याला वाट दाखवावी असे कुठल्या पुस्तकात नाही. शिरस्तेदार त्या वेळी खांबाची सावली निरखून पाहत होते.

अर्जनविसाने अर्ज लिहिला. गैरहजेरीचे कारण, 'सूर्य माथ्यावर आला नव्हता'. न्यायाधीशांनी तो वाचला आणि मला खोलीत बोलावले.

"वकीलसाहेब, बाईचं म्हणणं मला कळतं. पण मी काय लिहू? कोर्टात हजर न राहण्याला सबळ सबब लागते आणि जाहीरनाम्यात लिहिलंय, कोणी सबब सांगू नये."

"ते वाक्य..." मी म्हणालो.

"ते वाक्य कोणाचं ते मला माहीत आहे. सरकारनं लिहून दिलं की आमची हरकत नाही, तर मी हुकूम या क्षणी फिरवतो."

"सरकार म्हणजे मी."

"तुम्ही म्हणजे रावसाहेब."

रावसाहेबांकडे मी दुसऱ्या दिवशी गेलो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"तोफ चुकली का?" त्यांनी विचारले.

"नाही."

"मग जाहीरनामा चुकला?"

"त्यात आधीच्या समन्सांची तरतूद राहून गेली."

"मसुदा कोणाचा?"

"माझा."

"सही?"

"दरबारची."

"मग तो चुकला कसा?" रावसाहेब म्हणाले. "तुमची चूक असेल तर ती सहीच्या आधीची. सही झाल्यावर ती चूक राहिली नाही." थोडे थांबून ते म्हणाले, "तुमची नेमणूक अजून हंगामीच आहे ना?"

"हो."

"नाही, सहज विचारलं."

मी घरी येऊन हे सांगितले. बायको गहू निवडत होती. तिने सगळे ऐकले आणि एकच प्रश्न विचारला.

"तो कागद तुम्हीच लिहिलात ना?"

"हो."

"मग त्या बाईनं कोणाकडे जायचं?"

मी म्हणालो, कायद्यात याला उत्तर आहे, पण ते लांब आहे. तिने सूप झटकले.

बाई दर बाजाराच्या दिवशी गाडीबरोबर शहरात येई आणि माझ्या कचेरीच्या दारात उभी राही. बसा म्हटले तर बसत नसे. "झालं का?" एवढेच विचारी. मी म्हणे, "पाहतो आहे." दुसऱ्या खेपेस तिने एक नवे मडके आणले. सरकारी वकिलाला मडके घेता येत नाही हे मी तिला समजावून सांगितले. ती म्हणाली, "हे तुम्हाला नाही. या चपराशी भियाचं पाणी गरम होतं, त्याला आणलं." चपराशाने ते घेतले. त्याच्या बाबतीत नियम काय आहे हे मी पाहिले नाही, पण उन्हाळाभर त्यातले पाणी प्यालो.

तिसऱ्या खेपेस तिने सांगितले की महालाच्या, म्हणजे तालुक्याच्या, कचेरीतून दोन माणसे येऊन विहीर मोजून गेली. पाणपोईच्या जागी टोलनाका चांगला होईल असे ती माणसे आपसांत बोलत होती.

"मोजली तर मोजली," ती म्हणाली. "पण मोजून झाल्यावर पाणी मागितलं त्यांनी. दिलं मी."

मुदतीला तेव्हा आठ दिवस राहिले होते.

त्याच सुमारास रावसाहेबांच्या मुलीचे लग्न आले. सर्व अधिकाऱ्यांना आमंत्रण होते, म्हणजे हुकूमच. मुहूर्त दोन प्रहरचा, अभिजित. मांडव मोठा, दक्षिणेतून आणलेली पैठणी, इंदूरहून आणलेला बँड. एका बाजूला घंगाळात घटिकापात्र सोडलेले होते. ज्यांनी हे पाहिले नसेल त्यांना सांगतो: तांब्याची लहान वाटी, तिच्या बुडाला बारीक छिद्र. पाण्यावर सोडली की हळूहळू भरते आणि एक घटका झाली की बुडते. सूर्योदयापासून उपाध्याय घंगाळापाशी बसून वाट्या मोजत होते आणि मुहूर्त सोळाव्या वाटीच्या सुमारास होता.

नवरानवरी पाटावर उभी राहिली. मध्ये अंतरपाट धरला. मंगलाष्टके सुरू झाली. सगळ्यांच्या मुठीत अक्षता. आणि किल्ल्यावर तोफ उडाली.

पहिली चूक बँडची. त्यांना सांगून ठेवले होते की दोन प्रहरी वाजवायला लागा, आणि ते वाजवायला लागले. दुसरी चूक आम्हा सरकारी मंडळींची. महिनाभर तोफेबरोबर लेखण्या उचलायची आणि ठेवायची सवय लागलेली. आमच्या उजव्या बाजूच्या तीनही रांगांनी, न्यायाधीशांसह, तोफेच्या आवाजाबरोबर अक्षता टाकल्या. मीही टाकल्या. डाव्या बाजूला खेड्यांवरून आलेले नातेवाईक होते, ते मुठी मिटून आमच्याकडे पाहत राहिले.

"थांबा! थांबा!" उपाध्याय घंगाळापाशी ओरडले. "अजून मुहूर्त नाही! एक वाटी पुरी बाकी आहे, बँड बंद करा!"

बँड बंद व्हायला वेळ लागला, कारण मोठा ढोल वाजवणाऱ्याला ऐकू कमी येत होते. मग सगळे शांत झाले. अंतरपाट तसाच. मंगलाष्टके संपली होती ती पुन्हा पहिल्यापासून म्हणायला घेतली. नवऱ्या मुलाच्या मुंडावळ्यांत आमच्या अक्षता अडकल्या होत्या, त्या त्याच्या मावशीने एकेक करून काढल्या. अंतरपाट धरणारे दोघे हात बदलू लागले. एक म्हातारे गृहस्थ मागे म्हणाले, "लागलं का लग्न?" त्यांचा नातू म्हणाला, "अर्धं."

रावसाहेब माझ्या शेजारी उभे होते. मानेवरून घाम ओघळत होता.

"कोणी टाकल्या आधी?" ते दबल्या आवाजात म्हणाले.

"तोफ झाली म्हणून..."

"तोफेचं काय घेऊन बसलात, वकील! मुहूर्त दोन प्रहरचा आहे. दोन प्रहर व्हायचे आहेत अजून."

मी काही बोललो नाही. मला खरोखरच काही सुचले नाही. नंतर काहींनी माझ्या हजरजबाबीपणाच्या गोष्टी पसरवल्या, त्यांत तथ्य नाही. मी फक्त गप्प राहिलो, आणि ते थोडे लांबले.

रावसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मग घंगाळाकडे पाहिले. वाटी अर्धी भरली होती.

"लग्नात मुकदमे काढायचे नसतात," ते म्हणाले.

"नाही काढत."

वाटी बुडायला अजून बराच वेळ होता आणि त्या वेळात आम्ही दोघे शेजारी उभे होतो. अखेर ती बुडाली, उपाध्यायांनी हात वर केला, अंतरपाट दूर झाला. या वेळी डाव्या बाजूने आधी अक्षता टाकल्या. आमच्या बाजूला पुष्कळांच्या मुठी रिकाम्या होत्या, त्यांनी हात तेवढे हलवले.

जेवणाच्या पंगतीत रावसाहेब आग्रह करत फिरत होते. माझ्या पानाशी थांबले.

"जिलबी घ्या. ती तुमची बाई, किती वाजता पोचली होती?"

"आज मुहूर्त लागला त्याच्या थोडी आधीच."

त्यांनी स्वतः दोन जिलब्या वाढल्या. "सोमवारी कागद पाठवा. पण जाहीरनामा चुकला असं लिहू नका."

"मग काय लिहू?"

"सरकारची हरकत नाही, एवढं लिहा. कारण लिहू नका. कारण लिहिलं की ते वाचणारा निघतो."

सोमवारी मी तसे लिहिले. न्यायाधीशांनी हुकूम फिरवला आणि नवी तारीख दिली. या खेपेस समन्सवर शिरस्तेदारांनी आपल्या हाताने तोफेची वेळ लिहिली आणि खाली 'म्हणजे सूर्य माथ्यावर येण्याच्या आधी' असेही लिहिले.

आता एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मुकदमा पुन्हा सुरू झाला म्हणून मी बाईच्या बाजूचा झालो नव्हतो. सरकारचे म्हणणे मांडण्यासाठी मला ठेवले होते आणि आधीच्या वकिलांचा अभिप्राय कायद्याला धरून होता. तो मी मांडला, आणि बऱ्यापैकी मांडला. चाकरीचे इनाम चाकरीबरोबर संपते. डोक्यावर घागरी वाहून रस्त्यावर दिवसभर पाणी पाजणे हे एकट्या विधवा बाईच्या आवाक्यातले काम नाही, सबब चाकरी बंद पडली असेच समजले पाहिजे. न्यायाधीश मान हलवत होते. बाई सकाळपासून येऊन ओसरीत बसली होती, आता आत उभी होती. तिच्याकडे वकील नव्हता.

समन्स बजावणाऱ्या शिपायाला मी साक्षीला उभे केले. पाणपोईवर बाई एकटीच होती, पुरुष माणूस कोणी दिसले नाही, असे त्याने सांगितले. न्यायाधीश बाईला म्हणाले, "याला काही विचारायचं आहे?"

"हो," ती म्हणाली आणि शिपायाकडे वळली. "भिया, तू कागद घेऊन आला तेव्हा ऊन होतं ना?"

"होतं."

"पाणी पिला होतास?"

शिपायाने माझ्याकडे पाहिले.

"तिकडे काय पाहतोस? मी विचारते आहे."

"पिलो, काकी."

"किती?"

"दोन लोटे."

"आधी पाणी दिलं का आधी तुझा कागद घेतला?"

"आधी पाणी."

"बस," ती म्हणाली.

मी उठलो. एवढ्याने काही सिद्ध होत नाही हे दाखवणे माझे काम होते.

"बाई, एक दिवस दोन लोटे पाणी देणं निराळं. तुमचे यजमान होते तेव्हा घागरी ते आणत. आता कोण आणतं?"

"मीच."

"आणि आणखी दहा वर्षांनी?"

"साहेब, यांना दमा होता. बारा वर्षं. विहिरीपर्यंत चालायचे नी बसून पडायचे. ते फक्त लोकांशी बोलायचे, कुठून आला, कुठे चालला. पाणी मीच आणत होती नी मीच ओतत होती. बारा वर्षांत सरकारनं कधी विचारलं नाही की पुरुष कुठे आहे."

मला आणखी प्रश्न विचारता आला असता. मी बसलो.

न्यायाधीशांनी इनामाची मूळ सनद पुन्हा वाचली. तिच्यात वाटसरूला पाणी मिळावे एवढेच होते, ते कोणाच्या हातून मिळावे हे नव्हते. मग त्यांनी हुकूम लिहिला की पाणी मिळत आहे, सबब चाकरी चालू आहे, सबब इनाम बाईच्या हयातीपर्यंत चालावे. तिच्या मागे काय, याचा विचार तिच्या मागे करावा. तो हुकूम मी पुढे अनेकदा वाचला. त्यात सरकारी वकिलाच्या युक्तिवादाचा उल्लेख आहे आणि तो 'कसोशीचा' होता असे म्हटले आहे.

माझी नेमणूक कायम व्हायला त्यानंतर सव्वा वर्ष लागले. बाकी कोणी मला काही बोलले नाही. पुढे वीस वर्षे मी त्या खुर्चीत होतो. दरोडे आले, खून आले, पेट्यांतली पुस्तके झिजली.

हुकुमाची नक्कल तयार होईपर्यंत बाईला थांबायला सांगितले होते. तिला वाचता येत नव्हते, म्हणून मी ओसरीत उभा राहून तिला तो हुकूम वाचून दाखवला. 'हयातीपर्यंत' या शब्दावर तिने मान हलवली.

"मग जाऊ ना आता?"

"अंगठा राहिला आहे," शिरस्तेदार म्हणाले. "शाई येते आहे, बसा."

"लवकर करा, साहेब. तिथे भावजयीला बसवून आली आहे मी. ती ओतते कमी, सांडते जास्त. इतक्यात अर्धी घागर जमिनीला पाजली असेल तिनं."

शाई आली. तिने अंगठा उठवला, बोट पदराला पुसले आणि नक्कल समन्सच्या घडीत घालून ती गाडीकडे गेली. मी कचेरीत येऊन, या निकालावर अपील करण्याजोगे काही नाही, असा अभिप्राय लिहिला आणि रावसाहेबांकडे पाठवला. कारण लिहिले नाही. संध्याकाळी कागद परत आला. समासात रावसाहेबांच्या हातचा एक शब्द होता: 'पाहिले.'